उभ्याने घेतलेली साक्ष

जेवणाच्या सुट्टीनंतर सगळे उभे राहिले आणि तो राहिला नाही. न्यायाधीशबाई आतल्या दारातून आल्या, शिपायाने खणखणीत पुकारा केला, बाकं करकरली, काळे कोट वर झाले, आणि व्यासपीठाच्या पायथ्याशी बुटक्या टेबलामागे बसलेल्या त्या स्टेनोने उठायला जोर लावला, तर डावा पाय तिथे नव्हताच. म्हणजे दिसत होता. पँट होती, बूट होता, बुटाची नाडी सकाळी त्यानेच बांधली होती. पण वरून सुटलेला हुकूम गुडघ्याच्या आसपास कुठेतरी गहाळ होत होता. टेबलाची कड धरून तो कसाबसा उठला तेव्हा बाकीचे बसायला लागले होते. एका श्वासाचाच काय तो फरक पडला. पेन्सिल घरंगळत गेली. शिपायाने ती उचलून दिली आणि देता देता ओठांच्या कोपऱ्यातून म्हणाला, "काय खांबसाहेब, डुलकी?" तो हसला नाही. समोरचा वकील बोलायला लागला होता आणि पेन्सिल आपोआप कागदावर धावायला लागली होती. टेबलाखाली पायात मुंग्या येत होत्या, हजारोंनी, रांगा सोडून. आणि मुंग्या ओसरल्यावर जो पाय परत आला तो नेहमीचा नव्हता. जड होता, गरम होता, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा होता.

खांब हे नाव शिपायानेच पाडलेलं. एका उन्हाळ्यात भर साक्षीत एक गांधीलमाशी त्याच्या कॉलरवर उतरली, मानेवरून चालत कानापर्यंत गेली, कानाच्या पाळीवर बसून राहिली आणि मग कंटाळून उडाली. तेवढ्या वेळात तो हलला नव्हता, आणि नंतर उतारा टाईप झाला तेव्हा साक्षीतली एकही काना-मात्रा सुटलेली नव्हती. वकील मंडळी ही गोष्ट नव्या वकिलांना सांगत. एकतीस वर्षांत सहा न्यायाधीश बदलले, पंखे बदलले, भिंतींचा रंग पिवळ्याचा पांढरा झाला. खाली, त्या टेबलामागे, तो होता तसाच होता. हे त्याला आवडायचं. खोलीत आपण नसल्यासारखे असतो, आपल्यातून शब्द नळातून पाणी जावं तसे जातात आणि आपला एक थेंबही त्यात मिसळत नाही, याचा त्याला कुणाला न सांगितलेला अभिमान होता. लघुलिपीच्या वर्गातले सर म्हणायचे, "शरीर म्हणजे गोंगाट. हललात की शब्द सांडला." सायकलच्या दुकानावरची ती अरुंद खोली, दहा मुलं, आणि प्रत्येकाच्या डाव्या खांद्यावर उभी ठेवलेली काडेपेटी. पडली की सगळा उतारा पहिल्यापासून. पहिल्या आठवड्यात त्याची काडेपेटी इतक्या वेळा पडली की सरांनी ती त्यालाच बक्षीस देऊन टाकली. पडायचं कारण, त्याच्या पायाला भिंगरी होती. हे आईचे शब्द. जेवताना पाय हलायचा, झोपेत हलायचा, काही कारण नसताना तो जिना चढून-उतरून यायचा. "याला कुणी खुर्चीला बांधून पगार देईल का हो?" असं आई शेजारणींना विचारायची, आणि पुढे खरंच कुणीतरी तसा पगार द्यायला लागल्यावर तिचा सूर बदलला. "लोक बसून खातात. माझा लेक बसून कमावतो." सतराव्या वर्षी, वर्गाच्या तिसऱ्या महिन्यात, एका दुपारी काडेपेटी पडली नाही. उतारा संपला, सर थांबले, आणि त्याच्या लक्षात आलं की गेला तासभर आपल्याला पाय आहेत हेच आपण विसरलो होतो. त्या दिवशी त्याला केवढं मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

संध्याकाळी घरी आला तेव्हा बायको कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली होती. ती लहान मुलांच्या शाळेत शिकवायची. चाळीस मुलं, आणि वर्गात खुर्ची असून नसल्यासारखी. रोज संध्याकाळी अर्धा तास तिचे पाय बादलीत असत आणि त्या अर्ध्या तासात ती त्याला दिवसभराच्या खोड्या सांगे. त्याने बूट काढायला घेतला तर डावा निघेना. ओढला, तेव्हा मोज्याचा वळ पोटरीवर दोरी आवळल्यासारखा उमटलेला होता. बायकोची गोष्ट अर्ध्यावर थांबली.

"अहो, पँट वर करा बघू."

"काही नाही गं, अवघडलाय."

"वर करा म्हणते ना."

तिने बादलीतून पाय काढले, ओल्या पायांनीच ती आली, खाली बसली आणि दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी ठेवून तिने त्या वह्या तपासाव्यात तशा तपासल्या. "ही बघा आणि ही बघा. एकाच माणसाच्या वाटतायत का?" तिने अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. तो खळगा बघताना त्याला वाटलं, आपलं शरीर म्हणजे इतके दिवस न वाचलेलं एखादं पत्र आहे. "दिवसभर मी उभी, दिवसभर तुम्ही बसलेले," बायको पदराला हात पुसत म्हणाली, "दोघांना एकत्र कालवून पुन्हा वाटलं असतं तर दोन धड माणसं झाली असती. उठा. डॉक्टरांकडे. आत्ताच्या आत्ता."

डॉक्टरीणबाई तिशीची असेल. तपासणी झाली, पोटरीवर गार मलम लावून यंत्र फिरवून झालं, पडद्यावर राखाडी ढगांसारखं काहीतरी हललं, आणि एका जागी हललं नाही. "गुठळी आहे," ती म्हणाली. "खोलवरच्या शिरेत. सुटून फुप्फुसात गेली असती तर तुम्ही आत्ता माझ्यासमोर बसला नसता." मग ती थांबली आणि म्हणाली, "खरं तर बसण्यामुळेच झालंय. रोज किती वेळ बसता?"

"सहा तास. कधी सात."

"मध्ये उठता?"

"न्यायाधीश उठल्या की."

"आणि त्या किती वेळा उठतात?"

"दोनदा."

बायकोने त्याच्याकडे बघितलं. वर्गात खोटं पकडल्यावर बघत असेल तसं. डॉक्टरीणबाईने गोळ्या लिहून दिल्या, रक्त पातळ करणाऱ्या, वेळ चुकवायची नाही. मग कागद बाजूला सारून ती पोटरीबद्दल बोलायला लागली. हृदय रक्त खाली पाठवतं, पण वर आणायचं काम पोटरीचं. टाच उचलली की स्नायू आवळतो, शीर दाबली जाते, रक्त वर ढकललं जातं. चालताना हे पावलागणिक होतं. बसून राहिलात की नाही. "तुम्ही या स्नायूला एकतीस वर्षं रजा दिलीत. आता त्याला कामावर घ्या. बसल्या जागी टाचा उचला, चवडे उचला, घोटा फिरवा. आणि दर अर्ध्या तासाने उभं राहायचं. दोन मिनिटं का होईना, पण उभं राहायचंच."

"कोर्टात असं मध्येच उठता येत नाही."

"का? तुमच्यावाचून काय कोर्ट थांबतं?"

"थांबतं," तो म्हणाला. "म्हणून तर उठता येत नाही."

ती हसली, पण तो गंमत करत नव्हता. परतताना रिक्षात त्याला राग आला होता, आणि कुणाचा ते कळत नव्हतं. काडेपेटी न पाडता बसणं, गांधीलमाशीला कानावर बसू देणं, आयुष्यात जी एक गोष्ट त्याने घाम गाळून कमावली होती तिला त्या मुलीने दोन मिनिटांत आजार म्हणून टाकलं होतं. आणि पायावर हात ठेवला तर पाय गरम लागत होता. म्हणजे तिचं म्हणणं खरं होतं.

दहा दिवसांची रजा मिळाली. पहिले दोन-तीन दिवस तो घरातल्या घरात चालला, खिडकीपासून मोरीपर्यंत, मोरीपासून खिडकीपर्यंत, आणि खुर्चीत बसून टाचा उचलल्या. वीसदा टाचा, वीसदा चवडे. घोटा उजवीकडून फिरवायचा, मग डावीकडून. हे इतकं क्षुल्लक होतं की त्याची लाज वाटायची. पण चौथ्या दिवशी त्याने पेन्सिल हातात घेतली, आणि तेव्हा खरी भीती समोर आली. पाय हलवता हलवता लिहिता येईल का? सर जाऊन वीस वर्षं झाली होती, पण खांद्यावर त्या काडेपेटीचं वजन अजून होतं. त्याने बायकोला सांगितलं, "मला काहीतरी वाचून दाखव. भरभर." तिच्यासमोर मुलांच्या निबंधाच्या वह्या होत्या. तिने सुरुवात केली. माझा आवडता प्राणी. माझा आवडता प्राणी मासा आहे कारण तो शाळेत जात नाही. तिचा आवाज धावत होता, टाचा वरखाली होत होत्या, आणि पेन्सिल त्या दोहोंमध्ये फरफटत होती. दोन वह्या संपल्यावर तिने मूळ निबंध त्याच्या कागदाशी ताडून बघितले.

"किती सांडले?" त्याने विचारलं.

"नऊ."

नऊ! आयुष्यात त्याचे एका बैठकीत कधी तीन शब्द गेले नव्हते. त्या दुपारी तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. पण संध्याकाळी बायकोने पाय बादलीत सोडले आणि न विचारताच वही उघडली. माझी सहल. दुसऱ्या दिवशी सात शब्द गेले, तिसऱ्या दिवशी चार. मग त्याला एक गोष्ट सापडली. टाचा मोजून उचलल्या की शब्द जातात, कारण मोजणं हेही ऐकणंच आहे आणि एका कानाने दोन गोष्टी ऐकता येत नाहीत. पण पायाला वेगळं काम न देता हातातलंच काम दिलं तर? त्याने बुटाच्या आत अंगठ्याने लिहायला सुरुवात केली. हात जी रेघ कागदावर ओढत होता तीच रेघ अंगठा चामड्याच्या आत ओढत होता. लघुलिपीतल्या जाड रेघेला घोटा वळत होता, वाक्य संपलं की टाच उचलली जात होती. उशीर होत होता, अडखळत होतं, पण सातव्या दिवशी बायको एका उनाड मुलाची अख्खी वही वाचून संपवून म्हणाली, "एक." आणि तोही, तिने नीट बघितलं तर, मुलानेच चुकीचा लिहिला होता आणि याने दुरुस्त केला होता. "म्हणजे तीही चूकच," तो म्हणाला. "जसं असेल तसं लिहायचं असतं." पण आवाजात आनंद लपत नव्हता. किती वर्षांनी पाय ऐकत होते! भिंगरी गेली नव्हती कुठे. आईला हे सांगायला हवं होतं, असं त्याला वाटून गेलं. मग तिचं हसणं आठवलं आणि सांगितल्यासारखंच झालं.

कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी, एक म्हातारा साक्षीदार आठवण्यासाठी थांबलेला, सगळं कोर्ट त्याच्या तोंडाकडे बघत असताना, त्या शांततेत टेबलाखालून स्पष्ट आवाज आला. चिर्र. बूट होता. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून खाली बघितलं. त्याने कागदावरून नजर हलवली नाही. कान तेवढे तापले. दुसऱ्या दिवशी तो रबरी तळव्याचे मऊ बूट घालून आला. शिपायाने एकदा बुटांकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि दाराआड गाठून विचारलं, "पायाचं काय आहे ते सांगून टाका ना. मला काय वकील समजता?" त्याने सांगितलं. शिपाई त्याच्याच वयाचा, दिवसभर दाराशी उभा राहणारा. त्या दिवसापासून टेबलावरचा पाण्याचा तांब्या पलीकडच्या खिडकीत जाऊन बसला, आणि दोन साक्षीदारांच्या मधल्या वेळात पाणी प्यायचं तर सात पावलं जावं आणि सात पावलं यावं लागायला लागलं.

असे दिवस जात होते आणि पायाची सूज उतरत होती. मोज्याचा वळ पुसट होत होता. टेबलाखाली त्याचं एक स्वतंत्र कोर्ट भरत होतं आणि वर कुणाला पत्ता नव्हता. तरीही आत काहीतरी टोचत होतं. हे सगळं चोरून चाललं होतं. बाकाखाली धरून चिंच खाणाऱ्या मुलासारखं. आणि डॉक्टरीणबाईने सांगितलेली मुख्य गोष्ट, उभं राहायची, ती तो टाळत होता. दोन साक्षींच्या मध्ये जमेल तेव्हा ठीक. पण एखादी साक्ष दोन-दोन तास चाले, आणि तेव्हा तो अंगठ्याने लिहीत राही आणि स्वतःची समजूत घालत राही की एवढं पुरे. पोटरी मात्र समजूत घालून घेत नव्हती.

मग सज्जाच्या खटल्यातली गवंड्याची साक्ष आली. एका नव्या घराचा पहिल्या मजल्यावरचा सज्जा खाली आला होता आणि खालून जाणाऱ्या दोन बायका जन्माच्या अधू झाल्या होत्या. खटला ठेकेदारावर होता. ओल्या काँक्रिटला खालून आधार देणारे टेकू लवकर काढले, असं सरकारी वकिलाचं म्हणणं; टेकू ठीकच काढले होते, गवंड्यानेच माल कच्चा कालवला, असं ठेकेदाराच्या वकिलाचं. हा वकील इतका वेगात बोलायचा की स्टेनो लोकांत त्याला धबधबा म्हणत. गवंडी साठीचा, वाळलेला, हाताच्या कातड्यात चुना मुरलेला. साक्षीच्या पिंजऱ्यात तो खांदे पाडून उभा होता, आणि पिंजऱ्याचा लाकडी कठडा इतका उंच की खालच्या टेबलावरून त्याचं कपाळ आणि डोळे तेवढे दिसत. आवाजही तसाच, कठड्याच्या आतच राहणारा.

पहिला तास गेला. धबधबा कोसळत होता. मालाचं प्रमाण काय, पाणी किती, वाळू कुठली, त्या दिवशी तुम्ही तंबाखू खायला किती वेळा थांबलात. गवंडी "हो", "नाही", "आठवत नाही" एवढंच म्हणत होता. खाली स्टेनोचा अंगठा बुटात लिहीत होता, टाच उचलली जात होती, आणि तरी पोटरीत हळूहळू तो ओळखीचा जडपणा भरत होता. खालून वर, गरम, भांड्यात पाणी चढावं तसा. त्याने घड्याळाकडे बघितलं. पासष्ट मिनिटं. एकदम त्याला तो पडदा दिसला, राखाडी ढग हलणारा आणि एका जागी न हलणारा, आणि त्याच वेळी खांद्यावर काडेपेटी जाणवली, आणि या दोहोंमध्ये आपण बसलोय आणि निवाडा आपल्यालाच द्यायचाय हे त्याला कळलं. फार विचार झाला असं नाही. वही डाव्या हाताच्या पंजावर घेतली, पेन्सिल कागदावरून न उचलता, चालू वाक्याच्या मध्येच, तो उभा राहिला.

धबधबा आटला. सबंध कोर्टात पंख्याचा आवाज तेवढा राहिला. न्यायाधीशबाई पुढे झुकल्या.

"काय झालं?"

एकतीस वर्षांत त्याने त्या खोलीत वाचून दाखवण्यापलीकडे तोंड उघडलं नव्हतं. स्वतःचा आवाज त्याला परका वाटला, पण तो कापला नाही. "मॅडम, माझ्या पायात गुठळी झालीय. मला मधूनमधून उभं राहावं लागतं. काम थांबणार नाही. मी उभ्याने लिहितो."

"उभ्याने सगळं येतं लिहिता?"

"येतं."

"मॅडम, साक्षीदाराचं लक्ष विचलित होतंय," धबधबा म्हणाला. "आणि नोंद बिनचूक राहील याची काय खात्री? माझा शेवटचा प्रश्न वाचून दाखवायला सांगा."

त्याने वही डोळ्यांसमोर धरली आणि वाचलं. "'म्हणजे, म्हणजे तुम्ही, तुमचं म्हणणं असं की माल तुम्ही, म्हणजे तुमच्या देखरेखीखाली, काय म्हणतात ते, कालवला गेला.' इथे मी उभा राहिलो. पुढे प्रश्न नाही."

मागच्या बाकांवर हसू फुटलं. न्यायाधीशबाईंनी ते पेन्सिलीच्या एका टकटकीने बंद केलं. पण त्यांचाही चेहरा जरा सैल झाला होता. "चालू द्या," त्या म्हणाल्या.

उभ्याने खोली निराळी होती. हे त्याच्या कधी ध्यानीमनी नव्हतं. इतकी वर्षं तो ज्यांना आवाजांवरून ओळखत होता त्यांना आता पोटं होती, हात होते, टेबलाखाली चाळा करणारी बोटं होती. आणि कठड्याच्या वर गवंड्याचा अख्खा चेहरा होता. तोंड होतं. खालचा ओठ कोरडा पडलेला, त्याला मधोमध चीर गेलेली. गवंडी त्याच्याकडेच बघत होता. धबधबा पुन्हा सुरू झाला, पहिल्यापेक्षा जोरात, हसण्याचा वचपा काढावा तसा: टेकू काढले त्या सकाळी तुम्ही हजर होता, डोळ्यांदेखत काढले, तुम्हाला तीस वर्षांचा अनुभव, काही वावगं असतं तर तुम्ही बोलला असता, पण तुम्ही चकार शब्द काढला नाहीत, म्हणजे सगळं ठीक होतं, आणि या कोसळत्या वाक्याच्या मध्येच कुठेतरी गवंड्याचे ओठ हलले. आवाज जेमतेम होता. स्टेनोच्या हाताने ते शब्द लिहून घेतले तेव्हा त्याचं त्यालाही कळलं नाही.

"बरोबर ना?" धबधबा थांबला. गवंड्याने मान खाली घातली. "नोंद घ्यावी, साक्षीदार निरुत्तर आहे."

पेन्सिल थांबली. वहीत ते उत्तर होतं. प्रश्नाच्या पोटात, दोन जाड रेघांमध्ये अंग चोरून बसलेलं. आणि आता त्याच्याखाली 'निरुत्तर' लिहायचं होतं. संध्याकाळी टाईप करताना दोन्ही जसंच्या तसं घालता आलं असतं. कुणी वाचलं तर वाचलं. आजवर त्याने तेच केलं असतं. पण तो उभा होता, आणि उभ्या माणसाला तोंड बंद ठेवणं जास्त जड जातं, असं काहीसं त्याला त्या क्षणी वाटलं.

"मॅडम, साक्षीदार निरुत्तर नव्हता."

"म्हणजे?"

"प्रश्न चालू असताना ते बोलले. माझ्याकडे लिहिलेलं आहे. 'चौदा दिवस टेकू काढू नका, सांगितलं होतं मी.'"

"मी काही ऐकलं नाही!" धबधबा ओरडला.

"मीही नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "म्हणून ज्यांनी म्हटलं असेल त्यांनाच विचारू." त्या गवंड्याकडे वळल्या. "तुम्ही असं म्हणालात?"

गवंडी कितीतरी वेळ कठड्यावरून हात फिरवत राहिला, गिलावा सपाट आहे का बघावं तसा. "म्हणालो," तो म्हणाला.

"कुणाला सांगितलं होतं?"

"ठेकेदारांना. पाचव्या दिवशी ते टेकू काढायला माणसं घेऊन आले तेव्हा. दोनदा सांगितलं. म्हणाले, तू भिंती बांध."

मग पुढचा सगळा वेळ तेच चाललं. कुठे सांगितलं, शेजारी कोण होतं, ती माणसं आता कुठे असतात. त्याने दहा मिनिटं उभ्याने लिहिलं, मग बसला, मग अर्ध्या तासाने कुणालाही न विचारता उठला. कुणी वर बघितलंसुद्धा नाही. संध्याकाळी न्यायाधीशबाईंनी आत बोलावलं. तो पाय आणि मन दोन्ही घट्ट करून गेला. त्या फाईल मिटत म्हणाल्या, "तुम्ही साक्षीच्या मध्ये बोललात ते मला नियमात बसवता येत नाही, आणि त्याबद्दल रागावताही येत नाही. पुढच्या वेळी आधी हात वर करा." मग जरा थांबून, "माळ्यावर एक उंच मेज पडलंय, पूर्वी नकाशे पसरायचं. साफ करून घ्या. टेबलाशेजारी लावा. वाटेल तेव्हा बसा, वाटेल तेव्हा उभे राहा." दारापर्यंत तो पोचल्यावर त्यांनी मागून विचारलं, "टाचा किती वेळा उचलायच्या म्हणालात?" तो टाचांबद्दल काहीच म्हणाला नव्हता. म्हणजे ते चिर्र त्यांनी बरोबर ओळखलं होतं. "वीसदा," तो म्हणाला. "पण मोजायचं नाही. मोजलं की ऐकू येत नाही."

तिसऱ्या महिन्यात डॉक्टरीणबाईने पुन्हा यंत्र फिरवलं. जिथे काही हलत नव्हतं तिथे आता बारीकशी वाट वाहत होती. "पूर्ण गेलेली नाही," ती म्हणाली, "पण रक्ताने शेजारून रस्ता काढलाय. हे चालू ठेवायचं. कायमचं." बायकोने पर्समधून वही काढून 'कायमचं' लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

त्याच आठवड्यात सज्जाच्या खटल्याचा निकाल लागला. ठेकेदार दोषी ठरला. कोर्ट सुटल्यावर स्टेनो बाहेर आला तर पायऱ्यांवर गवंडी होता, कठडा धरून एकेक पायरी आडवा उतरत. जन्मभर उकिडवं बसून त्याचे गुडघे गेले होते. साक्षीदारांशी बोलायचं नाही हा त्याने स्वतःला घालून घेतलेला नियम होता, आणि तो बाजूने निघून जाणार होता, पण गवंड्यानेच हाक मारली.

"ते लिहिणारे साहेब ना तुम्ही? उभे राहिलेले?"

"हो."

"तुम्हाला एक सांगायचं होतं. मी त्या दिवशी बोलणार नव्हतो." गवंडी एका पायरीवर थांबला, दम खायला. "घरून ठरवून आलो होतो, गप्प राहायचं. कामं देणारी माणसं ती, उद्या दारात उभं कोण करणार? वकील काय बोलेल ते बोलू दे म्हटलं. पण तुम्ही मध्येच उठलात, ती वही घेऊन, माझ्याकडे बघत. मला वाटलं, हा माणूस माझं ऐकायला उठून उभा राहिलाय. आजवर कुणी राहिलं नव्हतं. तोंडातून निघूनच गेलं."

इतके दिवस स्टेनोची अशी समजूत होती की शब्द तिथे होता आणि आपल्या तयार कानाने तो टिपला. आता कळत होतं की तो उठला नसता तर टिपायला शब्दच नसता. म्हणजे आपण खोलीत होतो. नळ नव्हतो, पाणी नव्हतो. उभा राहिलेला एक माणूस होतो आणि त्या माणसाकडे बघून दुसरा एक माणूस खरं बोलला होता. सर असते तर काडेपेटी उचलून निघून गेले असते. त्याने मनात चाचपून बघितलं, दुखऱ्या दाताला जीभ लावून बघावी तसं, की याचा पश्चात्ताप कुठे होतोय का. कुठेच होत नव्हता. उलट पायऱ्यांवर ऊन होतं, पोटरी हलकी होती, आणि सांगितलेली गोष्ट खरी होती.

"किती वर्षं लिहिताय?" गवंड्याने विचारलं.

"एकतीस."

"आणि आधी कधी उठला नाहीत?"

"नाही."

"मग माझ्याच वेळी का उठलात?"

त्याला काहीतरी मोठं बोलता आलं असतं. गवंडी तसं काहीतरी ऐकायच्या तयारीतच होता. "पाय दुखत होता," तो म्हणाला.

गवंड्याने त्याच्याकडे बघितलं आणि तो हसायला लागला. आधी नुसतेच खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी आलं, आणि शेवटी इतका हसला की त्याला खाली पायरीवरच बसावं लागलं. तो मात्र उभाच राहिला, त्याला उठवायला हात पुढे करून.